कोकरापाशी तुटलेलं पान

थॉमझिन पेकला वाचता यायचं, लिहिता यायचं नाही. आमच्या सफकच्या मुलखात पोरींना तेवढंच शिकवत. डोळ्याला अक्षर ओळखू आलं की हाताला चरखा. सहीच्या जागी ती लोकर कापायच्या कातरीचं चित्र काढायची. पण छापलेलं काही दिसलं की बाईचा जीव ठिकाणावर राहायचा नाही. चिखलात पडलेलं चिटोरंसुद्धा उचलून, मांडीला पुसून, वाचून मगच टाकायची.

त्या सालांत राजा आणि पार्लमेंट एकमेकांच्या उरावर बसले होते आणि लंडनचे छापखाने मोकाट सुटले होते. कुणीही उठावं, धर्मावर नाहीतर राजावर चार पानं छापावीत. खपली तर खपली, उरली तर रद्दी. ती रद्दी गठ्ठ्यानं आमच्या हम्फ्री वाण्याकडं यायची. तो पानं फाडून त्यांत चरबीच्या मेणबत्त्या, मिरी, चीज बांधून द्यायचा. बिशप काय म्हणाला हे गावाला चिजाच्या वासासकट कळायचं. काहीजण पानं परसाकडंही नेत. हम्फ्री दुकानातून ओरडायचा, "दोनी बाजूंचा माल हाय, बाबांनो! राजाचा बी आन् पार्लमेंटचा बी. ज्याला ज्येच्यानं पुसायचं त्यानं पुसावं."

थॉमझिनला एकच मूल झालं होतं. पोरगा. पहाटे जन्मला आणि गाईंच्या धारा काढून होईपर्यंत गेला. पाद्री लॅथम तेव्हा शेजारच्या गावी होता. सुईण विनी मावशी पाण्याचं भांडं घेऊन उभी होती. जुन्या काळी तिनंच दोन थेंब शिंपडून नाव ठेवलं असतं. पण सुईणींनी बाप्तिस्मा द्यायचा नाही असा हुकूम होता, आणि मावशी भ्याली. बिनबाप्तिस्म्याचं पोर म्हणून चर्चच्या आवारात जागा मिळाली नाही. आवाराच्या उत्तरेला काटक्यांच्या कुडाचं कुंपण होतं, त्याच्या बाहेर, खाजऱ्या पाल्यात खड्डा काढून ठेवलं.

तेव्हापासून थॉमझिनचा एकच सवाल. माझं पोर आता कुणाकडं आहे? पाद्र्याला विचारलं. तो म्हणाला, "ते देवाच्या मनात." विनी मावशीला विचारलं, तर मावशी नाक ओढत बसली. नवरा अँब्रोस मेंढक्या. तो मेंढरांकडं निघून गेला.

मधे बरीच वर्षं गेली. एका हिवाळ्यात बायका तिच्या घरी सूत कातत बसल्या होत्या. थॉमझिननं मेणबत्त्यांवरचं पान सोडलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला घेतलं. एक पाद्री आणि एक नांगऱ्या यांची हमरीतुमरी चाललेली. नांगऱ्याचं म्हणणं, तान्ह्या पोराच्या डोक्यावर पाणी ओतून काय मिळतं? मोठं होईल, त्याला समजेल, तेव्हा ते आपल्या पायांनी येईल. बायका खुसखुसल्या. मग अगदी तळाशी पाद्री कडाडला होता, 'असं का? मग पाणी लागायच्या आधी जे पोर मेलं ते कुणाचं? बोल!'

आणि पान संपलं. चरखे थांबले.

"फुडं?" विनी मावशी म्हणाली.

"फुडं न्हाई. पान सरलं."

"सरलं म्हंजे? त्या नांगऱ्या मुडद्यानं उत्तर न्हाई दिलं?"

थॉमझिननं बोट खालच्या कोपऱ्यात नेलं. छापणाऱ्यांची रीत असते. पानं लावताना घोळ होऊ नये म्हणून पुढच्या पानाचा पहिला शब्द तळाशी एकटाच छापून ठेवतात. तिथं होतं, 'कोकरू'.

"आता कोकरू कुठनं आलं मधीच?"

"पाद्र्याला द्याया आनलं आसंल, गप बसावा म्हनून," एकजण म्हणाली, आणि बाकीच्या पोट धरून हसल्या.

थॉमझिन पान उजेडाकडं धरून बसली होती. अक्षरं संपली तिथून पुढं कागद कोरा होता आणि चरबीनं पारदर्शक झाला होता. पलीकडं नुसती खिडकी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी ती हम्फ्रीच्या गठ्ठ्यात जाऊन बसली. दोन तोंडांचं वासरू सापडलं. एकाच लढाईत राजाही जिंकला आणि पार्लमेंटही, तीही दोन्ही पानं सापडली. कोकरू नाही. मग ती दारोदार फिरली. कुणाच्या मिरीच्या पुड्या सोडवल्या, कुणाच्या बुटात कोंबलेला कागद काढून बघितला.

अँब्रोस वैतागला. "कागदं धुंडून मेलेलं पोर घावतंय व्हय?"

"पोर कुटं हाय ते मला ठावं हाय. त्येचा मालक घावत न्हाई."

आठवडा संपता संपता पाद्र्याची स्वयंपाकीण सिसली विहिरीवर भेटली. "आक्का, तुजं कोकरू आमच्या सायबांच्या मेजावर हाय. भट्टीतल्या भांड्याखाली घालाया म्हनून म्या उचललं, तर हातातनं हिसकून घ्येतलं. रोज वाचत्यात आन् टाळू खाजवत्यात. ह्येच्या आदीचं पान कुटं घातलंस म्हनून माज्यावरच डाफरत्यात."

थॉमझिन तशीच, ओल्या झग्यानिशी, पाद्र्याच्या दारात गेली.

"काय हवंय, बाई?"

"सायेब, तुमच्याकडं उत्तर हाय आन् माज्याकडं सवाल."

पाद्री लाल झाला. पण त्याची नजर तिच्या हातातल्या तेलकट कागदावरून हलेना. "दाखव."

"आदी तुमी वाचा."

"मी या गावचा पाद्री आहे."

"व्हय. म्हनूनच आदी तुमी."

त्यानं खुर्ची ओढली. मग बसला, पुस्तकांखालून पान काढलं आणि वाचलं. 'कोकरू कानाला खूण करायच्या आधी मेलं, तरी मेंढी ज्याची त्याचंच ते असतं, साहेब. खूण शेजाऱ्यांसाठी करतात. मालकाला ती लागत नाही.'

थॉमझिन मेजाजवळ आली. आपलं पान तिनं मेजावर ठेवलं. त्यानं ते घाईघाईनं वाचलं, आणि तळाच्या सवालापाशी येऊन त्याची मान खालीच राहिली. तो सवाल त्यानं पूर्वी हिच्याच तोंडून ऐकला होता.

"हे कुणा बिननावाच्या माणसाचं लिहिणं आहे," तो शेवटी म्हणाला. "बिशपची परवानगी नाही, छापणाऱ्याचा पत्ता नाही."

"मग तुमी सांगा. तुमाला नाव बी हाय आन् पत्ता बी हाय. कोकरू कुनाचं?"

त्यानं दोन्ही पानं कडेला कड लावून जुळवली. उगाच सारखी केली. मग हळूच म्हणाला, "मेंढी ज्याची, त्याचं."

"तर मग कूड चुकीच्या जागी हाय, सायेब."

"कूड हलवायचा म्हणजे चर्चच्या पंचांना बसवायला लागेल. ते एका दिवसाचं काम नाही."

"बसवा की. आमी तवर खांबांचं खड्डं खनतो."

जमीन मऊ झाली तसे थॉमझिन आणि अँब्रोस पहार आणि घण घेऊन उत्तरेच्या बाजूला गेले. अँब्रोसनं कोकरांच्या वाड्यासाठी विणलेले नवे कोरे कूड आणले होते. विनी मावशीला कुणी बोलावलं नव्हतं. ती खांब धरायला आली. खाजऱ्या पाल्यानं तिघांचे हात फोडांनी भरले. दुपारपर्यंत जुनी ओळ निघाली आणि नवी पोराच्या खड्ड्याच्या पलीकडून गेली.

तेवढ्यात पाद्री आला. पंच बसले होते की नाही, कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. तो नव्या कुडाच्या कडेनं चालत गेला आणि कोपऱ्यातला खांब हलवून बघितला.

"हा ढिला आहे. मेंढरं घुसतील."

अँब्रोसनं बायकोकडं बघितलं.

"बघत काय बसलायसा, ठोका की," ती म्हणाली.

पाद्र्यानं खांब दोन्ही हातांनी धरला, तोंड बाजूला केलं, आणि अँब्रोसनं खांबाच्या डोक्यावर घण घातला.