बगल्यांना दूर ठेवलं ते वर्ष

वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत 'तू बरा दिसतोस' असं मला कोणी म्हटलं नव्हतं. गावात माझं नाव काडी. चार माणसांत बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. मग जळगावच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाठी उचलायला लागलो. दोन हंगामांत खांदे भरले, पण ते मला कुठे ठाऊक? घरात आरसा नव्हता. सांगितलं ते न्हाव्याने. दाढी करता करता वस्तरा थांबवून तो म्हणाला, "काय आंग शे रे तुनं! पहिलवानच दिसस."

झालं, अंगावर मूठभर मांस चढलं. त्या दिवसापासून सदऱ्याची वरची दोन बटणं मी लावलीच नाहीत. जिनातल्या मुकादमाला पहिल्यांदा उलट उत्तर दिलं आणि तो चक्क गप्प बसला. खोटं कशाला सांगू, ते दिवस मला फार आवडले. फक्त माझा मोठा भाऊ कधी काही बोलायचा नाही. मला वाटायचं, हा जळतो.

भाऊ आमच्या गावचा भगत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, देवीच्या नावाने बारागाड्या ओढायचा मान त्याचा. बैल सोडून बारा गाड्या एकामागे एक बांधायच्या, त्यांत गावचे गडी खच्चून भरायचे, आणि हळदीने माखलेल्या भगताने पहिल्या गाडीची दोरी खांद्यावर घेऊन देवळापर्यंत धावायचं. वाट उताराची. गाड्यांनी एकदा वेग धरला की भगत त्यांना ओढत नसतो, त्याच त्याला हाकत असतात. म्हणून दोन बगले लागतात. ते दोन्हीकडून भगताच्या काखेत हात घालून धावतात. त्याचा पाय अडखळला तर त्याला चाकांपुढून बाहेर खेचायचं, एवढंच त्यांचं काम.

महायुद्ध चालू होतं, त्यातल्याच एका साली भावाची कंबर धरली. पंच घरी आले. त्यांतले एक आबा माझ्याकडे बघत म्हणाले, "यंदा धाकला वढी. छाती देखा त्यानी! बठ्ठा तालुका देखाले यी." त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी शेंड्यापर्यंत गेलो. भाऊ एवढंच म्हणाला, "मी बगल्या व्हसू."

पाच दिवस हळद लागली. बायका ओवाळायच्या, हसून एकमेकींना कोपरं मारायच्या. मी हौदाच्या पाण्यात वाकून वाकून स्वतःला बघायचो. पाठीमागे भाऊ उभा असायचा. त्याचं ते बघणं मला आवडत नव्हतं.

आखाजीच्या दुपारी गाड्या बांधल्या. गडी चढू लागले तशी लाकडं कुरकुरली. मी भावाला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणालो, "भाऊ, तुम्ही दोन्ही जरा दूर पया. तुमनामुळे मनं आंग झाकाई जास."

हे मी म्हणालो. आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

भावाने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं. पन मांगे देखू नको. बाजूले बी नको."

आरोळी झाली आणि मी दोरी खांद्यावर घेतली. गाड्या हलल्या. अर्ध्या वाटेपर्यंत मी खरोखरच वारा प्यायलो होतो. उजवीकडच्या गर्दीतून न्हाव्याचा आवाज आला, "वाघ शे, वाघ!" मी मान वळवली. छातीही थोडी त्या बाजूला वळवली, त्याला नीट दिसावी म्हणून. पाय मुरगळला आणि मी पडलो. जमीन थरथरत होती. कोणीतरी चार पावलांवरून झेप घेऊन मला मानेला धरून भिरकावलं. मी बाजूच्या धुळीत पडलो. गाड्या एकदम थांबत नाहीत.

जळगावच्या दवाखान्यात भावाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला. गाव म्हणालं, माझ्या अंगाला नजर लागली आणि ती भावावर गेली. मी म्हणू दिलं. बगले दूर का होते, हे कोणी विचारलं नाही. दुसरा बगल्या माझ्याकडे बघायचं टाळू लागला. भावानेही कधी तोंड उघडलं नाही. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या आखाजीच्या तोंडावर पंच पुन्हा आले. भाऊ खाटेवर बसला होता, धोतराचं टोक मांडीखाली दुमडून. आबांनी मला वरखाली न्याहाळलं आणि म्हणाले, "आंग तं तसंच शे तुनं. उलट भरनं."

माझी नजर त्या दुमडलेल्या धोतरावर होती. शपथेवर सांगतो, तिथेच होती. तरी माझे खांदे मागे गेले आणि छाती पुढे आली. भावाने ते पाहिलं.

"यंदा बगल्या कोन?" त्याने विचारलं.