नानांच्या आईचं लुगडं

रेकॉर्ड रूममध्ये नोकरी केलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. दप्तराची गाठ सोडली की धुळीबरोबर तेही नाकातोंडात जातात. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आणि मधेच कुणी फिदीफिदी हसलं तर मी गप्प बसणार.

बहात्तरच्या दुष्काळात मी तालुक्याच्या कचेरीत कारकून होतो. खोलीत आम्ही दोघंच. मी, आणि मोडी वाचणारे नाना. जुनी मयत रजिस्टरं सगळी मोडीत, त्यामुळे कुणाला आजा-पणजाची नोंद हवी असली की नानांशिवाय पान हलत नसे. पितृपक्ष जवळ आला की दाराशी रांग लागायची.

* * *

त्या रजिस्टरांना हात लावण्याआधी नाना चपला बाहेर काढायचे. मलाही काढायला लावायचे. एकदा इन्स्पेक्शनला एक तरुण साहेब आले. "ही कचेरी आहे की देऊळ?" म्हणत बुटांसकट आत शिरले आणि दिसेल ते रजिस्टर उघडून नानांपुढे सरकवलं. "वाचा."

नानांनी वाचलं. साहेबांचंच नाव, साहेबांच्याच वडिलांचं नाव, आडनावसुद्धा तेच. मयत.

"एका नावाची छप्पन माणसं असतात," साहेब म्हणाले. खरंच आहे ते. पुढच्या वेळी मात्र बूट व्हरांड्यात ठेवून, मोज्यांवर आले.

* * *

खर्ड्याकडचा एक शेतकरी आजाच्या मृत्यूची नक्कल मागायला आला. नानांनी नोंद काढली. साप चावून, उजव्या पायाला, बांधावर.

मग त्यानं धोतर जरा वर घेतलं. उजव्या घोट्यावर दोन काळे ठिपके, शेजारी शेजारी. "जल्मापासून हायेत. आई म्हनायची, आजाच पोटाला आलाय."

नाना मान वर न करता म्हणाले, "म्हणजे स्वतःचीच नक्कल न्यायला आलास की रे."

आम्ही हसलो. तो नाही हसला.

* * *

दुसरा एकजण विचारायला आला, की आमच्यात पिढ्यान् पिढ्या भिकाजी नावाच्या कुणाचं तरी पान टाकतात, हा आमचा लागतो कोण? नानांनी आठ दिवस शोधलं. त्या घरातच काय, अख्ख्या गावात भिकाजी नव्हता.

"मग करा बंद," मी म्हणालो. मला काय, तेवढंच एक काम कमी.

पुढच्या वर्षी तो पुन्हा हजर. "सायेब, बंद केलं तर एक बी कावळा शिवंना. दुपार कलली, पोरं भुकेली. शेवटी भिकाजीचं वाढलं, तवा आले." आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं काही भिकाजीला मीच उपाशी ठेवलं होतं.

* * *

एक बाई खडी फोडायच्या कामावरून तशीच आली. मागं म्हातारा नवरा. हिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा टाक, नवऱ्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोचा. दुसरेपणावर दिलेल्या बाईला आमच्याकडं तो घालावाच लागतो.

"रोज हळदकुंकू लावते तिला, पर नाव ठावं न्हाई," बाई म्हणाली. "सपनात येती अन् म्हनती, हाक मार की."

नानांनी म्हाताऱ्याला विचारलं, "तुम्हाला तरी ठाऊक असेल?"

"हाय की. पर नाव घेतलं की ती येती."

नानांनी नोंद शोधून नाव वाचलं. बाईनं ते एकदा तोंडातल्या तोंडात म्हटलं. म्हाताऱ्यानं मागं वळून दाराकडं बघितलं. आम्हीही बघितलं, खोटं कशाला बोलू.

* * *

जगाचे पूर्वज शोधणाऱ्या नानांना स्वतःचा बाप काही सापडत नव्हता. नाना चार वर्षांचे असताना तो घरातून गेला तो गेलाच. बापाचं बोट धरून बाजाराला गेल्याचं नानांना लख्ख आठवायचं. बोटाला तंबाखूचा वास होता म्हणायचे.

आई ऐंशीची. कपाळावर कुंकू, आणि रोज एक भाकरी झाकून ठेवायची. तिचं आता काही खरं नव्हतं, आणि नानांचं रिटायरमेंटही तोंडावर आलेलं. मला एकदा म्हणाले, "उद्या आई गेली तर तिला हिरवं लुगडं नेसवून पाठवू की पांढरं? ती सवाष्ण आहे की विधवा, एवढंसुद्धा पोटच्या पोराला ठाऊक नाही."

बाप गेल्यानंतरच्या सगळ्या वर्षांची रजिस्टरं त्यांनी दोनदोनदा चाळली होती. काही नाही. मग सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी भलत्याच माणसासाठी भलतंच जुनं रजिस्टर उघडलं, आणि नाना वाचता वाचता थांबले.

बापाचं नाव. गाव तेच. पटकीनं मयत. खबर देणार, बायको. शेजारी आईचं नाव आणि तिचा अंगठा.

"सापडलं की नाना," मी म्हणालो.

"साल बघ," नाना म्हणाले.

त्यांच्या जन्माच्या तीन वर्षं आधीचं होतं.

दुसऱ्या दिवशी नाना उशिरा आले. चपला काढल्या, बसले आणि मी न विचारताच सांगायला लागले.

आई रेशनची मिलो ज्वारी निवडत बसली होती. यांनी विचारलं, "आई, अण्णांची खबर तू दिली होतीस?"

"दिली हुती की. पटकीत गेल्ते. समद्यांच्या म्होरं जाळलं."

"मग?"

"मग काय. फुडल्या सुगीला माघारी आले. दारात हुबे राहून पानी मागितलं. आपल्या मानसाला न्हाई कसं म्हनायचं?"

"आणि मी चार वर्षांचा असताना गेले कुठं?"

आईनं मिलोतला खडा काढून बाजूला ठेवला. "जात्यात कुठं? तुला दिसायचे थांबले." मग झाकलेल्या भाकरीकडं बघून म्हणाली, "माझ्या वक्ताला हिरवंच नेसव बाबा. त्यांनी वळखाया पायजे."