मे महिन्याच्या मातीचं गणित

"पळू नका! पाय जुळवा! जुळवून उड्या मारा!"

बोर्डीच्या एका चिकूवाडीत तार तुटून पडली होती आणि आमचे साहेब, इन केलेल्या शर्टात ढेरी सांभाळत, गावाला उड्या मारून दाखवत होते. एवढा मोठा बेडूक मी जन्मात पाहिला नाही. प्रत्येक उडीला चार चिकू गळत होते. खोटं कशाला सांगू, पाच. तेव्हापासून डहाणू-तलासरीत ते बेडूकसाहेब. मी त्यांचा वायरमन. पडलेल्या तारेभोवती जमिनीतही करंट पसरतो, लांब टांग टाकली की एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघतो, हे त्यांनी पाड्यापाड्यावर असंच शिकवलं.

त्यांचं खरं भांडण मे महिन्याच्या मातीशी. ओल्या जमिनीवर तार पडली तर करंट धो धो वाहतो, सबस्टेशनचा ब्रेकर लगेच उडतो. वाळक्या मातीत तो इतका कमी वाहतो, की ब्रेकरला वाटतं कुणी पिठाची गिरणी लावली. तार जिवंतच राहते. साहेब भर उन्हात जमिनीत सळ्या ठोकून मीटर लावायचे, जीपच्या बॉनेटवर इम्पीडन्स, म्हणजे माती करंटला किती अडवते ते, काढायचे आणि वरच्या ऑफिसला फोनवर ओरडायचे. फोन नसता तरी ऐकू गेलं असतं.

"पुस्तकात फॉल्टचा इम्पीडन्स शून्य धरलाय! त्या पुस्तकवाल्याला मेमध्ये तलासरीला आणा, अनवाणी! उन्हाळ्यापुरतं ब्रेकरचं सेटिंग खाली घ्या, थोड्या करंटलाही उडू दे, नाहीतर माणूस जाईल!"

"अहो, फांदी घासली तरी लाइट जाईल. लोक बोंबलतील."

"बोंबलायला जिवंत तर राहतील!"

२०१७च्या मेमध्ये आशागडच्या पुढच्या पाड्यावर तार पडली. ब्रेकर उडाला नाही. आम्ही पोचलो तेव्हा मंगलीमावशीची म्हैस आडवी झाली होती आणि मावशी तिच्याकडे धावत सुटली होती. मी लाइन बंद करायला सबस्टेशनला फोन लावत होतो. साहेब ओरडले, पण मावशीला म्हशीशिवाय काही दिसतच नव्हतं. मग साहेब धावले. उड्या मारत नाही, लांब लांब टांगा टाकत. मावशीला त्यांनी मागे ढकललं आणि स्वतः तारेशेजारी कोसळले. लाइन बंद झाली तोवर सगळं संपलं होतं. तेवढा मोठा आवाज, पण जाताना एक शब्द नाही. यात मी काहीही वाढवलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्याआधी सेटिंग खाली आलं, साहेबांनी काढलेल्या आकड्यावरच. आता वारा शिंकला तरी लाइट जाते. परवा पाड्यावर गेलो, तर मंगलीमावशी अंधाऱ्या घराबाहेर पदराने वारा घेत बसली होती.

"मावशी, लाइट फार जाते ना?"

"जाते," मावशी म्हणाली. "जाऊ दे."