डाव्या टाचेवरचं काळं

आमच्या आबांचा पाय हातात घ्यायचा म्हणजे आडमुठ्या बैलाचा खूर धरायचा. साठी उलटली तरी कापसाच्या रानात अनवाणी. टाचांना ह्या भेगा! दिवाळीला मी माहेरी आले की त्यांच्या भेगांत बिब्बा भरायची. सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर धरायचा अन् गळलेलं तेल भेगेत सोडायचं. आबा हूं की चूं करायचे न्हाईत.

त्या साली मी संक्रांतीलाबी माहेरी आले. तूप लावून काशाच्या वाटीनं त्यांचे तळवे घासून राह्यले होते. तूप काळं झालं, ते पुसलं. डाव्या टाचेवरचं काळं काही पुसंना. दिवाळीला ते जोंधळ्याच्या दाण्याएवढं होतं. मी बघितलं अन् गप्प बसले, ते आजबी मला खातं. आता ते चिंचोक्याएवढं झाल्तं, कडा शाईवानी फुटलेल्या.

"बिब्ब्याचा डाग हाय. तूच लावल्ता," आबा म्हणाले. आईनंबी तेच म्हणलं.

पण बिब्ब्याचं काळं पंधरा-वीस दिवसांत कातडीसंगं निघून जातं. दुसऱ्या दिवशी दळताना माझा हात जात्यावरच थांबला. दिवाळीला बिब्बा मी नुसता उजव्या टाचेला लावल्ता.

"दुखत न्हाई, खुपत न्हाई, दवाखाना कशाला?" आबा खेकसले.

"दुखत न्हाई म्हणूनच भ्या वाटतं. तुम्हाला दिसतो का तुमचा तळवा?"

"तू आपली सासरी जाय."

मीबी त्यांचीच लेक. अन्नाला शिवले न्हाई. तिसऱ्या दिवशी परतूरहून रेल्वेनं जालन्याला गेलो.

डॉक्टरनं भिंगातून डाग पाह्यला, मंग जांघेत गाठ चाचपली. तिथं गाठ आली म्हंजे रोग पसरला, म्हणाले. गाठ न्हवती.

"कातडीचा कॅन्सर हाय, लई जल्दी पसरतो," डागाचा तुकडा तपासून आल्यावर डॉक्टर म्हणाले. "अजून चार महिने थांबले असते तर पाय सोडा, माणूस हाती लागला नसता."

टाचेचं मांस कापून काढलं. आबा काठी टेकत घरी आले.

पुढच्या दिवाळीला त्यांची उजवी टाच फाटून रक्त येत होतं. मी बिब्बा दिव्यावर धरला, तर त्यांनी पाय वढून घेतला.

"नको. त्याचं काळं लागलं तर दुसरं काळं तुला वळखू कसं यील?" असं म्हणून त्यांनी आपणहून तळवा दिव्याकडं केला.