राणीसाहेबांचं ढाका कापड
लग्न होऊन मी २००४ साली अमेरिकेत कॅरीला आले. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. नवरा ऑफिसला गेला की अपार्टमेंटमध्ये मी एकटी. शेजारच्या बिल्डिंगमध्ये लेकीकडे राहणाऱ्या एक बाई रोज फिरताना भेटायच्या. सुती साडी आणि वर जावयाचं ढगळ जॅकेट. मी त्यांना काकू म्हणायचे. त्या काठमांडूच्या एका सरदार घराण्यातल्या आणि आमच्याकडच्या एका जुन्या संस्थानाच्या सूनबाई, हे महिनाभराने कळलं. मग मी चाचरत ‘राणीसाहेब’ म्हणाले, तर त्या हसल्या.

“संस्थान माझ्या लग्नाआधीच गेलं गं. मावशी म्हण.”

नेपाळच्या डोंगरात बायका हातमागावर रंगीत नक्षीचं ढाका कापड विणतात. मावशी ते विकत घेऊन सासरच्या गावी पाठवत, तिथल्या बायका त्याच्या पिशव्या आणि जाकिटं शिवत, आणि मावशी ती इथे विकत. एकदा त्यांनी पिशवी दाखवली. माझ्या वडिलांचे इचलकरंजीला यंत्रमाग होते, त्यामुळे कापडातलं मला कळतं. मी बोलून गेले, “कापड सुरेख आहे, पण दोन धुण्यांत ही उसवेल.”

मला वाटलं, रागावतील. त्यांनी लगेच फोनकार्ड काढून गावी फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. “शिवण कशी घालायची, सांग त्यांना.”

तेव्हापासून मी त्यांच्या कामात पडले.

२००६ मध्ये त्यांनी इथल्या मराठी मंडळाच्या मागे लागून आमचा दसरा आणि नेपाळी लोकांचा दसैं एकत्र करायला लावला. शाळेचा हॉल घेतला होता. एक नेपाळी जोडपं खिरीचं पातेलं घेऊन आत आलं. नवरा औषधांच्या कंपनीत संशोधक. आपल्याकडे नेपाळी वॉचमनला मारतात तशी हाक मारत आमच्यातले एक काका त्याला हसत म्हणाले, “काय बहादूर, जरा खुर्च्या लाव ना यार!”

त्याने पातेलं टेबलावर ठेवलं, बायकोकडे पाहिलं, आणि दोघं दाराकडे वळली.

मावशींनी पदर खोचला आणि दोन खुर्च्या उचलल्या. “हे पाहुणे मी बोलावलेत. माझ्या वडिलांच्या नावातही बहादूर होतं, भावांच्याही आहे. तेव्हा खुर्च्या मी लावते. तुम्ही त्यांना घेऊन या.”

आवाज जराही चढला नव्हता. काका लालबुंद झाले आणि पार्किंगकडे धावले. बाहेर काय बोलणं झालं कोण जाणे, पण दहा मिनिटांनी तिघं एकत्र आत आली.

मग दही, तांदूळ आणि कुंकू कालवून मावशींनी सगळ्यांच्या कपाळाला टिका लावला. काकाही वाकले. आपट्याची पानं इथे कुठली मिळायला? आम्ही रेडबड नावाच्या इथल्या झाडाची पानं सोनं म्हणून वाटली. नेपाळी मुलांनी विचारलं, “Is this real gold?” तेव्हा काकांनीच त्यांना इंग्रजीतून समजावलं.

त्या संशोधकाच्या बायकोने पुढे विक्रीचं काम अंगावर घेतलं. दुसऱ्या वर्षी दोन विणकर बायका नेपाळहून मावशींच्या सासरच्या गावी जाऊन आठवडाभर राहिल्या आणि शिवणाऱ्यांना कोणती रुंदी हवी ते समजून घेऊन परतल्या. गावातल्या बायकांनी मला फोनवर सांगितलं, “ताई, भाषा येत नव्हती, पण हसून हसून पोट दुखलं.”

२००८ मध्ये नेपाळमधलं राजेपद गेलं. बातमी ऐकून मी मावशींकडे गेले. त्या गठ्ठे बांधत होत्या. “वाईट वाटलं?” मी विचारलं.

“वाटलं थोडं. लहानपण तिथे गेलं ना.” मग सुतळी माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, “पण लोकांनी ठरवलं, बरोबरच आहे. घे, हे टोक धर.”

त्याच वर्षी हिवाळ्यात त्या सासरच्या गावी कायमच्या परतल्या. इथलं काम संशोधकाच्या बायकोकडे आणि माझ्याकडे आलं. दर दोन महिन्यांनी माल येतो. त्यातल्या पिशव्या मी आधी उलट्या करून शिवण तपासते आणि मगच तिच्या घरी पोचवते.