दोन किल्ल्या आणि आतली कडी

धायरी फाट्यावर एक चाचा किल्ल्या बनवायचे. कानस फिरवताना डोळे मिटून घ्यायचे. किल्लीचे दाते बोटांनीच ओळखायचे.

माझी किल्ली हरवली, म्हणून बायकोची नमुन्याला घेऊन गेलो. राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालोय, पण खोड जात नाही. त्यांनाच वर्ग समजून सुरू झालो, “राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतल्या विषयांवर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. दोन्ही कायदे भिडले, तर केंद्राचा चालतो.”

चाचांनी किल्लीवरचा चुरा फुंकला. “म्हणजे साहेब, कुलूप एक, किल्ल्या दोन. पण आतली कडी केंद्राकडे.”

“अगदी तसंच नाही,” मी म्हणालोच.

घरी नवी किल्ली झकास फिरली, पण दार उघडेना.

“थांबा जरा, कडी लावलीय,” आतून बायको म्हणाली.

राज्य सरकार मुकाट्याने पायरीवर उभं राहिलं.