एबीएसचा पिवळा दिवा

गाडी जुनी आहे, मान्य. म्हणून काय आम्ही मायलेकींनी दरीत जायचं? गडाखालच्या आमच्या पाली गावाहून भोरला आम्ही दोघी रोज त्याच गाडीनं जातो, मी ऑफिसात, लेक कॉलेजात. दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी समोर एबीएसचा पिवळा दिवा लागला. ब्रेक करकचून दाबला तरी चाकं जाम होऊ नयेत, गाडी वळवता यावी, म्हणून ते एबीएस असतं. मी तडक भोरच्या मेकॅनिककडं गाडी नेली.

"ताई, जुन्या गाडीत लागतीच ती लाईट. ब्रेक लागतोय न्हवं? मग कशाला जिवाला घोर?" तो म्हणाला. तरी संध्याकाळपर्यंत दिवा गेला. मी बापडी खूश.

आठवड्यानं, परतीच्या पावसात, नसरापूरच्या अलीकडच्या उतारावर मेंढरं आडवी आली. मी ब्रेक मारला. चाकं जाम! स्टीअरिंग फिरवतेय तर गाडी वळेचना, सरळ कठड्याकडं घसरत निघाली. लेक "आई!" म्हणून जी किंचाळली, ते अजून कानात आहे. कठड्याच्या हातभर अलीकडं गाडी थांबली. मेंढरांचा मालक धावत आला, "लागलं न्हाई न्हवं, बाई?" मी मानेनंच नाही म्हटलं.

पुन्हा चावी फिरवली तेव्हा लक्षात आलं. चावी फिरवली की समोरचे सगळे दिवे क्षणभर लागतात. हा एकटाच लागला नाही. मेल्यानं बिघाड काढलाच नव्हता, बल्ब काढला होता!

तळपायाची आग मस्तकात गेली. हळूहळू गाडी भोरला नेली आणि चार गिऱ्हाइकांदेखत त्याला फैलावर घेतलं. लेक बाकड्यावर बसून होती.

"चुकलं, ताई. तुमी लई घाबरत हुता, म्हनून काढला."

"अरे, माणसानं घाबरावं म्हणूनच तो दिवा असतो! माझी पोर गेली असती म्हणजे? काढ तुझं ते मशीन!"

कपाटात पडलेलं स्कॅनिंगचं मशीन एकदाचं निघालं. पुढच्या डाव्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर गेलाय, असं त्यानं सांगितलं. पाच मिनिटांचं काम, आणि त्यासाठी आम्ही मरायला टेकलो होतो! त्यानं जॅक लावून चाक उतरवलं. आत सेन्सरची बारीक वायर तुटलेली, आणि तिच्यात गुरफटलेली बांधायची लोखंडी तार. तारेला झेंडूचे वाळके देठ.

गाडीचा हार दोऱ्यानं बांधतात. आमच्या रस्त्यावर दोरा टिकत नाही म्हणून दसऱ्याला मी तार घेतली, चाकाच्या भोकांतून ओवली, पकडीनं चांगला पीळ दिला. लेक म्हणाली होती, "आई, चाकाला नको, पुढं बंपरला बांध." मी तिच्यावरच खेकसले होते, "पूजेत मधे मधे बोलू नकोस." फुलं सुकल्यावर ओढून काढली. तार तशीच राहिली.

मेकॅनिकनं ती माझ्या हातात ठेवली. एक शब्द बोलला नाही गाढव. बोलला असता तर बरं झालं असतं, आणखी ओरडता तरी आलं असतं. लेकीनं तार बघितली, मग माझ्याकडं बघितलं.

वायर बदलली, बल्ब जागेवर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला हाक मारली, "ये, बघ, सगळं नीट झालंय." ती दप्तर खांद्याला लावून फाट्याकडं चालायला लागली होती.

"तू जा, आई. मी एसटीनं येते."